मुंबईचे सागवानी जहाज

खाडीत होडी चालवणाऱ्या माणसाला खाऱ्या पाण्याचा प्रताप सांगायला नको. खारे पाणी लाकूड खाते, लोखंडही खाते. असे असूनही आपल्या मुंबईत दोनशे वर्षांपूर्वी बांधलेले एक लाकडी लढाऊ जहाज आजही पाण्यावर तरंगते आहे. त्याचे नाव त्रिंकोमाली. ते आता इंग्लंडात, हार्टलपूल नावाच्या बंदरात आहे.

जहाजे बांधणे आपल्या मुलखाला नवे नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीकाठी गलबते बांधायला लावली. पुढे मुंबईत इंग्रजांची गोदी झाली. गोदी म्हणजे जहाज बांधण्याची व दुरुस्त करण्याची जागा. १७३६ साली सुरतेहून लवजी वाडिया हे पारशी कारागीर तिथे आले. त्यांच्याच घराण्यातील जमशेटजी बमनजी वाडिया यांनी हे जहाज बांधले.

सुरुवातीलाच विघ्न आले. इंग्लंडहून ज्या जहाजातून नकाशे निघाले, ते जहाज १८१२ साली अमेरिकेच्या लढाऊ जहाजाने हरवले आणि जाळले. नकाशे गेले. ते पुन्हा काढून धाडावे लागले. १८१६ साली तळाचे मुख्य लाकूड बसवले. त्याला पठाण म्हणतात. पारशी रीतीप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. खर्च आला सुमारे २३,००० पौंड.

लाकूड होते मलबारचा साग. खरी मेख इथेच आहे. इंग्लंडात जहाजे ओक नावाच्या झाडाची करीत. ओकच्या लाकडात आंबट रस असतो. त्याने लोखंडी खिळे गंजतात, आणि खिळा गेला की फळी सुटते. सागात तेल असते. ते खिळ्यालाही जपते आणि लाकडालाही. म्हणून मुंबईच्या जहाजांना मोठी मागणी होती.

पण इंग्लंड आणि फ्रान्स यांची लढाई १८१५ सालीच संपली होती. त्रिंकोमाली १८१९ साली इंग्लंडला पोचले, तेव्हा त्याला कामच नव्हते. पेरणी उरकल्यावर बैल विकत आणावा, तशी गत! वर छप्पर घालून ते पंचवीसहून अधिक वर्षे नुसते बांधून ठेवले. १८४७ ते १८५७ या काळात मात्र दूरदूरच्या समुद्रांत त्याच्या दोन मोठ्या सफरी झाल्या. तोवर वाफेची जहाजे आली होती. मग त्याच्यावर नव्या खलाशांना शिकवू लागले. शेवटी १८९७ साली ते जहाजे मोडणाऱ्याला विकले.

त्याच वर्षी व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांचे फूद्रोयां हे जुने जहाज वादळात फुटले. त्यावर ते मुलांना शिकवीत. त्यांनी मोडीतले त्रिंकोमाली विकत घेतले आणि त्याला आपल्या बुडालेल्या जहाजाचे नाव दिले. अशा रीतीने त्यावर १९८६ पर्यंत मुले-मुली शिकली. मालकाच्या हौसेने जहाज वाचले म्हणा, पण हौस नसती तर त्याची जळाऊ लाकडे झाली असती.

१९८७ साली ते दुसऱ्या मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणले. तिथे वॉरियर नावाचे जुने जहाज नुकतेच दुरुस्त झाले होते. त्या कामात हात बसलेले कारागीर तिथेच होते. १९९० पासून २००१ पर्यंत त्यांनी त्रिंकोमालीचे काम केले. मध्येच, १९९२ साली, जहाजाला त्याचे मूळ नाव परत मिळाले.

नवे जहाज बांधणे त्यापेक्षा सोपे. जुन्यात प्रत्येक फळी ठोकून बघावी लागते. कुजलेले तेवढेच काढायचे, धड असेल त्याला हात लावायचा नाही. आपला सुतार गाडा दुरुस्त करतो तेही असेच. काम संपल्यावर हिशेब केला, तर निम्म्याहून बरेच अधिक लाकूड जुनेच, म्हणजे मुंबईत बसवलेलेच निघाले.

जहाजाच्या पुढल्या टोकाला लाकडाचा एक पुतळा आहे. त्याच्या डोक्याला पागोटे आहे.