आपल्या हातचे भेटपत्र

गोधडी कोणाला माहीत नाही? आईचे जुने लुगडे, बापाचे फाटके धोतर, पोरांचे आखूड झालेले सदरे, असे तुकडे एकावर एक घालून गोधडी शिवतात. तुकडे जुनेच असतात, पण गोधडी नवी होते. तिच्यातला प्रत्येक तुकडा ओळखीचा असतो. हा आजोबांच्या पटक्याचा, हा ताईच्या परकराचा, असे आपण बोट ठेवून सांगतो.

आज आपण कागदाची एक लहानशी गोधडी करायला शिकणार आहोत. कागदाचे, कापडाचे, पानाफुलांचे तुकडे एका जाड कागदावर चिकटवायचे. आत आपल्या हाताने चार ओळी लिहायच्या आणि ते आपल्या माणसाला पाठवायचे. याला भेटपत्र म्हणतात. अशा चिकटवून केलेल्या चित्राला शाळेतली मुले चिकटचित्र म्हणतात. शहरात त्यालाच कोलाज म्हणतात.

हे काम पोरखेळ आहे असे कोणी समजू नये. पिकासो नावाचा एक फार मोठा चित्रकार होऊन गेला. त्याने १९१२ साली एक चित्र केले. त्यात त्याने वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेले मेणकापड चिकटवले आणि चित्राच्या भोवती चक्क दोर लावला! रंग हाताशी असूनही त्याला मेणकापड आणि दोर घ्यावेसे वाटले. मग आपल्या घरातल्या चिंध्यांना कमी का लेखावे?

सामान

यातले बहुतेक सामान घरातच असते. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. गेल्या सालची दिनदर्शिका, काडेपेटीवरचे चित्र, चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद, उदबत्तीचे रंगीत खोके, कापडाच्या चिंध्या, लोकरीचे धागे, यातले जे असेल ते घ्या. कातर हवी. पेन हवे. आणि खळ हवी.

खळ अशी करावी. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात कालवावा. गुठळी राहू देऊ नये. एक कप पाणी उकळावे. त्यात हा मैदा ओतून ढवळत राहावे. खळ दाट होऊन चकाकू लागली की उतरावी. पुस्तके बांधणारे लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असते. घरात पोरेबाळे असतात, तेव्हा आपण ते घालू नये. लागेल तेवढीच खळ करावी व त्याच दिवशी संपवावी.

पाने-फुले लावायची असतील तर ती आधी वाळवावी लागतात. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पान ठेवावे. वर पाट ठेवून त्यावर वजन ठेवावे. दोन-तीन दिवसांनी कागद बदलावा. आठ-दहा दिवसांत पान वाळते आणि सपाट राहते. ओले पान चिकटवले तर ते काळे पडते, कागदाला बुरशी येते.

कृती

पहिली गोष्ट, पाकीट आधी आणावे. पत्रिकेचा कागद मधोमध दुमडावा आणि पाकिटापेक्षा थोडा लहान कापावा. आधी भेटपत्र करून मग पाकीट शोधत बसू नये.

दुसरी गोष्ट, आधी लिहावे, मग चिकटवावे. लिहिताना चूक झाली तर दुसरा कागद घेता येतो. सगळे चिकटवून झाल्यावर चूक झाली तर केलेले काम वाया जाते.

तिसरी गोष्ट, तुकडे कागदावर नुसते मांडून पाहावेत. हलवावेत, फिरवावेत. मनाजोगते जमले की मगच खळ लावावी. खळ पातळ लावावी. कापडाचा तुकडा असेल तर त्याच्या मागे आधी खळ लावून तो वाळू द्यावा आणि मग कापावा. म्हणजे कडेचे धागे सुटत नाहीत.

चौथी गोष्ट, भेटपत्र उघडे ठेवून पुरते वाळवावे. मग रात्रभर पाटाखाली दाबून ठेवावे. आम्ही पहिले भेटपत्र केले तेव्हा घाई केली. ओले असतानाच पाकिटात घातले. आमच्या भावाने ते उघडले तेव्हा दोन्ही पाने एकमेकांना चिकटलेली! ओढून काढली तर निम्मा मजकूर फाटला. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, तुझा नमस्कार पोचला, बाकीचं काय लिहिलं होतंस?"

काय चिकटवावे, काय लिहावे?

बाजारात गुळगुळीत, छापील भेटपत्रे मिळतात. ती दिसायला चांगली असतात. पण त्यातले शब्द छापखान्याचे असतात. ज्याला पाठवायचे, त्याच्याच आठवणीचा तुकडा आपण शोधावा. फौजेत असलेल्या मुलाला शेतातल्या ज्वारीचे वाळलेले पान पाठवावे. बहिणीला माहेरच्या अंगणातले फूल पाठवावे. ज्याचा वाढदिवस, त्याची तारीख दिनदर्शिकेतून कापून लावावी.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत. त्यांची लेक त्या वर्षी लग्न होऊन दूरच्या तालुक्यात गेली होती. लेकीची पहिलीच संक्रांत होती. संक्रांतीला दूरच्या माणसांना हलवा आणि भेटपत्र टपालाने पाठवण्याची चाल आपल्याकडे आहेच. मावशी म्हणाल्या, "मला लेकीला धाडायचंय."

आम्ही म्हणालो, "मावशी, फोनवर तर रोज बोलता!"

मावशी म्हणाल्या, "बोलते की. पण फोन भाच्याचा. तो शेजारी बसलेला असतो. मनातलं कसं निघावं?"

मावशींनी घरून एक निळी चिंधी आणली. त्या चिंधीचा त्यांनी छोटासा परकर कापला. चंदेरी कागदाची पाटी केली आणि ती शेजारी चिकटवली. चित्र साधेच होते. आत काय लिहिले ते त्यांनी कोणाला दाखवले नाही. आम्हीही विचारले नाही. एवढे मात्र पाहिले की चार ओळी लिहायला मावशींना दोन संध्याकाळी लागल्या.

महिन्याभराने लेकीचे उत्तर आले. मावशींनी ते वर्गात स्वतः वाचले. मग आपण काय लिहिले होते तेही सांगितले. ती निळी चिंधी लेकीच्या शाळेच्या गणवेशाची होती. लेक सातवी झाली तेव्हा घरात कामाला माणूस हवे म्हणून मावशींनी तिची शाळा बंद केली होती. गणवेश मात्र जपून ठेवला होता. त्यांनी लिहिले होते, "तुझी शाळा मी बंद केली. आता मी शाळेत जाते तेव्हा मला कळते. माझे चूकले."

लेकीने उत्तरात लिहिले होते, "आई, चुकले यातला चु पहिला असतो. बाकी काही मनात ठेवू नकोस. ते कार्ड मी देवाच्या फोटोमागे ठेवले आहे."

मावशी हसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. मग फळ्यापाशी जाऊन त्यांनी 'चुकले' हा शब्द लिहिला. पहिला उकार देऊन लिहिला.

मंडळी, म्हणूनच आम्ही सांगतो. तुमचे अक्षर वाकडे असेल, काना-मात्रा चुकेल, तरी पत्र दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. आपल्या मनातले कोणालाही मध्ये न घेता आपल्या माणसाला सांगता यावे, यासाठीच आपण लिहायला शिकलो.

मायना आणि पत्ता

आईला किंवा वडिलांना लिहिताना 'तीर्थरूप' म्हणतात. इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप' म्हणतात. थोडक्यात दोन्हीकडे 'ती.' लिहितात. आपल्यापेक्षा लहानांना 'चि.' लिहितात. चि. म्हणजे चिरंजीव. मोठ्यांना नमस्कार लिहावा, लहानांना आशीर्वाद लिहावा.

पाकिटावर पत्ता स्पष्ट लिहावा. आधी नाव, मग घर किंवा वाडी. त्याखाली मु. पो., म्हणजे मुक्काम आणि पोस्ट. मग तालुका, मग जिल्हा. शेवटी सहा आकडी पिन लिहावा. वडगाव नावाची गावे आपल्याकडे किती तरी आहेत. नुसते वडगाव लिहिले तर पत्र कोठे जावे? ही अडचण दूर व्हावी म्हणून टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनची योजना आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते. महाराष्ट्रातल्या पिनचा पहिला आकडा ४ असतो. गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचाही पहिला आकडा ४ आहे. शेवटचे तीन आकडे नेमके टपाल कार्यालय दाखवतात.

पाकिटात बांगडीची काच, मणी असे टणक काही घालू नये. पाकिटावर शिक्का मारताना ते फुटते. तिळगुळाचे तेल कागदाला लागते, म्हणून हलव्याचे दोन-चार दाणेच घालावेत आणि तेही लहान पुडीत. तिकीट किती लागेल ते टपाल कार्यालयात वजन करून विचारावे. आपले पाकीट आपणच पेटीत टाकावे. त्यातही एक आनंद असतो.

हे करा

१. तुमच्या घरातल्या गोधडीत कोणाकोणाच्या कपड्यांचे तुकडे आहेत? पाच तुकड्यांची यादी लिहा.

२. तुमच्या गावाचा पिन शोधा आणि पूर्ण पत्ता पाटीवर लिहा.

३. 'चूक' यात दुसरा उकार आहे, 'चुकले' यात पहिला. 'फूल' आणि 'फुले', 'मूल' आणि 'मुले' हे शब्द लिहून उकार पाहा.

४. ज्याला बरेच दिवस काही सांगायचे राहून गेले आहे, असे एक माणूस आठवा. त्याच्यासाठी भेटपत्र करा. आत काय लिहिले ते आम्हाला दाखवू नका.