वीज गेली की गॅसही बंद झाला पाहिजे

प्रश्न : आमचं घर जव्हारला. हॉलमध्ये दोन फुटी टँक आहे, त्यात रोटाला आणि क्रिप्टोकोरिन लावली आहे. वाढ अगदीच कमी, म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडायचा विचार आहे. सोडावॉटरवाले वापरतात तो सिलिंडर चालेल का? पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. माशांना धोका तर नाही ना?

उत्तर : गॅस तोच, त्यामुळे चालेल. मात्र क्रिप्टोकोरिन मुळातच सावकाश वाढते, तिला या गॅसची फारशी गरज नाही. तिची एक जात तर आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांमध्येच राहते. फरक दिसेल तो रोटालात.

खरी काळजी विजेची. वनस्पती हा गॅस उजेडातच वापरतात. अंधारात त्या उलट प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यात नळीतूनही गॅस येत राहिला, तर पहाटे मासे वर येऊन धापा टाकताना दिसतील. म्हणून सोलेनॉइड व्हॉल्व्ह असलेलाच रेग्युलेटर घ्या. वीज गेली की हा व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. दिवा आणि व्हॉल्व्ह दोन्ही साध्या विजेवर ठेवा, इन्व्हर्टरवर फक्त हवेचा पंप घ्या. इन्व्हर्टरवर गॅस चालू आणि दिवा बंद, असं कधीही होता कामा नये.

टायमर गोल चकतीचा नको. वीज गेली की तो जागीच थांबतो. दुपारी तीन तास वीज नसली, तर संध्याकाळी पाचला बंद होणारा गॅस रात्री आठपर्यंत चालतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. गॅस दिव्याच्या तासभर आधी सुरू करा, तासभर आधीच बंद करा. यीस्ट-साखरेची बाटली स्वस्त पडते खरी, पण ती रात्री थांबत नाही आणि नळी तुंबली तर फुटू शकते. तुमच्याकडे ती मी सुचवणार नाही.

प्रमाणासाठी ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातल्या गॅसनुसार रंग बदलणारी छोटी कुपी, लावा. त्यात टँकचं पाणी न घालता ४ डीकेएचचं (हे कार्बोनेट मोजायचं एकक) तयार द्रावण घाला. हिरवा रंग म्हणजे लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम. पिवळा झाला तर गॅस बंद. हा रंग तास-दोन तास उशिरा बदलतो, त्यामुळे पहिले काही दिवस सुट्टीचे निवडा आणि मासे बघत गॅसचे बुडबुडे हळूहळू वाढवा. धापा दिसल्या की गॅस बंद करून पंप जोरात लावा, थोडं पाणी बदला. पन्हाळीचं पावसाचं पाणी वापरत असाल तर जास्तच जपा, कारण त्यात कार्बोनेट जवळपास नसतं आणि पीएच झपाट्याने घसरतो.

आता सिलिंडर. तो उभाच हवा, भिंतीला साखळीने बांधलेला. आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. मानेवर कोरलेली चाचणीची तारीख बघून घ्या. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा, फुगा आला की गळती. ऊन नको, कारण ३१ अंशांपुढे आतला दाब वेगाने चढतो. झोपायच्या खोलीत तर ठेवूच नका. २ किलो गॅस म्हणजे सुमारे ११०० लिटर. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो सगळा सुटला, तर हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास जातं, आणि एवढं प्रमाण माणसाच्या जिवाला धोकादायक मानलं जातं. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणजे जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्यांना आधी भोवतो. हॉलमध्ये रात्री कोणी झोपत असेल, तर सिलिंडर बाहेर पडवीत, सावलीत ठेवा आणि नळी भिंतीतून आत घ्या.