वाचकांचे प्रश्न : बारचं लायसन्स आणि शेजाऱ्यांची झोप

प्रश्न : वकीलसाहेब, आमची सोसायटी बालेवाडीत आहे. समोरच्या व्यापारी इमारतीत दोन वर्षांपूर्वी बार सुरू झाला. आधी तो पहिल्या मजल्यापुरता होता, आता गच्चीवरही टेबलं मांडली आहेत. शुक्रवार ते रविवार रात्री दीडपर्यंत डीजे चालतो, आमची तावदानं थरथरतात. बार बंद झाला की रस्त्यावर आरडाओरडा, हाणामाऱ्या, आमच्या गेटपाशीच लघवी. पोलिसांना फोन केला की ते येतात, आवाज कमी होतो, आणि त्यांची गाडी वळली की पुन्हा सुरू. सर्व सभासदांच्या सह्यांचं निवेदन आम्ही पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त आणि आमदार यांना दिलं, पण काही झालं नाही. हे लायसन्स रद्द करून घेता येईल का? – सोसायटीचे सचिव, पुणे

उत्तर : कायद्यात तशी सोय आहे. पण लायसन्स रद्द करण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांचंच नाव तुमच्या यादीत नाही. परमिट रूमचं लायसन्स, म्हणजे एफएल-३, जिल्हाधिकारी देतात आणि त्याचं कामकाज राज्य उत्पादन शुल्क खात्याचे अधीक्षक पाहतात. पोलीस आवाज बंद करू शकतात, गुन्हा नोंदवू शकतात. महापालिका गच्चीवरचं अनधिकृत शेड पाडू शकते. लायसन्सला हात लावायचा असेल, तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करून त्याची प्रत अधीक्षकांना द्यावी लागते. ज्यांना तो अधिकारच नाही अशा दारांवर फिरून थकलेल्या सोसायट्या मी पाहतो, तेव्हा फार वाईट वाटतं. लोकांची चिकाटी खरी असते, पण ती चुकीच्या टेबलावर खर्च होते.

आता कायदा पाहू. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ याच्या कलम ५४ नुसार लायसन्सधारकाने किंवा त्याच्या नोकरांनी लायसन्सच्या अटी मोडल्या, तर लायसन्स निलंबित किंवा रद्द करता येतं. कलम ५६ आणखी रुंद आहे. कलम ५४ मध्ये न बसणारं दुसरं सबळ कारण असेल, तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही लायसन्स रद्द करता येतं. शिवाय कलम १४२ खाली सार्वजनिक शांततेसाठी दारूची दुकानं आणि बार ठरावीक काळ बंद ठेवण्याचा आदेश जिल्हाधिकारी देऊ शकतात. निवडणुकीत किंवा मिरवणुकीच्या दिवशी आपण जो ‘ड्राय डे’ पाहतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कलम असतं.

‘आम्हाला त्रास होतो’ एवढ्या वाक्यावर मात्र यातलं एकही कलम हलत नाही. खात्याच्या निरीक्षकाला अहवालात अट लिहावी लागते, ती कशी मोडली ते लिहावं लागतं आणि पंचनामा जोडावा लागतो. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या बारचं लायसन्स आणि मंजूर नकाशा मिळवा. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अधीक्षक कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. लायसन्सची प्रत, अटी, मंजूर नकाशा आणि त्या बारवर आजवर नोंदलेली विसंगतीची (म्हणजे अटीभंगाची) प्रकरणं, एवढंच मागा. अर्ज नेमका असेल, तर तो टाळणं अवघड जातं.

नकाशा का मागायचा? कारण एफएल-३ लायसन्स हे ठरावीक, आखलेल्या जागेसाठीच असतं. पहिला मजला मंजूर असताना गच्चीवर दारू दिली जात असेल, तर तो अटीचा सरळ भंग आहे, तिथे आवाज असो वा नसो. तुमच्या पत्रातली सर्वांत भक्कम ओळ कोणती असेल, तर ‘आता गच्चीवरही टेबलं मांडली आहेत’ ही. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. अर्जात ती सर्वांत वर आली पाहिजे. गच्चीच्या वापराला महापालिकेची आणि अग्निशमन दलाची परवानगी आहे का, हेही त्याच सुमारास विचारा. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या आगीत १४ जीव गेले. गच्चीवरची बेकायदा बैठक हा शेजाऱ्यांच्या झोपेपुरता विषय नाही.

आता आवाज. पुण्यात परमिट रूम रात्री दीडपर्यंत चालते, त्यामुळे डीजेही दीडपर्यंत चालवायची मुभा आहे असं अनेकजण धरून चालतात. ते चूक आहे. दारू विकण्याची वेळ वेगळी आणि ध्वनिक्षेपकाची वेळ वेगळी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण शुक्रवारची पार्टी त्यात बसत नाही. म्हणजे गच्चीवरचा डीजे १० नंतर बंदच हवा, त्यासाठी डेसिबल मोजत बसण्याचीही गरज नाही.

आतल्या बंद हॉलबद्दल बारमालक म्हणेल, ‘आमचं सगळं बंदिस्त आहे.’ नियमांत बंदिस्त जागेला सवलत आहे हे खरं, पण ती आवाज आतल्या आत राहील या गृहीतावर दिलेली आहे. निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, व्यापारी क्षेत्रात ५५. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. तुमचा भाग कोणत्या क्षेत्रात धरला आहे, हे महापालिकेकडून लेखी घ्या, कारण पुढचा सगळा वाद त्या आकड्यावर फिरतो. मोबाइलच्या ॲपवर घेतलेलं मोजमाप पुरावा म्हणून लंगडं पडतं. तरीही ते ठेवा, पण पोलिसांकडे प्रमाणित यंत्राने तुमच्या घरातून आणि बारच्या हद्दीवरून मोजणी करण्याची लेखी मागणी करा. अशी यंत्रं पोलिसांकडे असलीच पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या निकालात बजावलं आहे.

रस्त्यावरच्या हाणामारीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. ‘दाराबाहेर काय होतं ते आमच्या हातात नाही,’ हे बारमालकांचं ठरलेलं उत्तर. त्यावर उपाय म्हणजे नोंदींची साखळी. प्रत्येक वेळी ११२ वर फोन करा, घरातल्या एकाने रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, काय घडलं, पोलीस किती वाजता आले, हे त्याच रात्री लिहा, आणि गेटवरच्या सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी उतरवून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी त्या कॉलच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागवा. दर शुक्रवारी त्याच पत्त्यावर पोलिसांना यावं लागतं, हे सरकारी कागदावर दिसलं की कलम ५६ चा रस्ता उघडतो. पोलीस ठाण्याने स्वतः जिल्हाधिकाऱ्यांना प्रतिकूल अहवाल पाठवला, तर उत्तमच. तो पाठवावा अशी विनंती वरिष्ठ निरीक्षकांना लेखी करा आणि पोच घ्या.

हे अधिकार कागदावरच आहेत असं मानू नका. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन मुलांना दारू दिल्याप्रकरणी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने दोन ठिकाणं काही दिवसांतच सील झाली होती. दोन जीव गेल्यावर ही तत्परता आली, याची खंत आहेच. पण नियमभंग नोंदला गेला की खातं किती वेगाने हलू शकतं, हे सगळ्या पुण्याने पाहिलं.

माझा एक आग्रह आहे. अर्जात फक्त ‘लायसन्स रद्द करा’ असं लिहू नका. पहिल्या तक्रारीवर लायसन्स रद्द होणं दुर्मिळ असतं. बहुतेक वेळा विसंगती नोंदवून दंडावर प्रकरण मिटतं, आणि रद्द झालंच तर मालक आयुक्तांकडे अपील करतो, पुढे शासनाकडे जातो. त्यामुळे मागण्या क्रमाने मांडा : गच्चीवरची विक्री ताबडतोब बंद करावी, चौकशी होईपर्यंत लायसन्स निलंबित करावं, नूतनीकरणाच्या वेळी सोसायटीला ऐकून घ्यावं, आणि तरीही सुधारणा नसेल तर रद्द करावं. लायसन्सचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून तुमची हरकत जानेवारी-फेब्रुवारीतच कार्यालयात दाखल झालेली असावी. मालकाला बाजू मांडायची संधी मिळणारच, त्यावर चिडू नका. सुनावणी न देता काढलेला आदेश अपिलात टिकत नाही आणि तुमचीच मेहनत वाया जाते.

‘आडवी बाटली’चं, म्हणजे दारूबंदीसाठीचं, मतदान घ्यावं का, असं तुमच्यापैकी कोणी सुचवेल. २००८ च्या शासन आदेशाने २५ टक्के मतदारांच्या मागणीवरून प्रभागातही तशी सोय आहे. पण एका बेशिस्त बारसाठी एवढा घाट घालावा, असं मला वाटत नाही.

प्रश्न : बारमालक गुंड प्रवृत्तीचा आहे. तक्रार केली तर आमचं नाव त्याला कळेल का? – एक ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर : आजी-आजोबाच घरात असतात आणि तक्रार त्यांनाच करावी लागते, हे मी जाणतो, आणि तुमची भीती रास्त आहे. ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख पडताळत न बसता पोलिसांनी कारवाई करावी आणि त्याचं नाव आवाज करणाऱ्याला कळू देऊ नये, असे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिले आहेत. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवरचा तो निकाल आहे. फोन करताना त्याचा उल्लेख जरूर करा. लायसन्सविरुद्धचा अर्ज मात्र एकट्याच्या नावाने देऊ नका. सोसायटीच्या लेटरहेडवर, ठरावासह द्या. तिथे सुनावणी असते आणि अर्जदार लपून राहत नाही.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाव येथे भाड्याने राहतो. मागच्या पबच्या बागेत मध्यरात्रीनंतरही गाणी आणि भांडणं चालू असतात. आम्ही भाडेकरू, शिवाय अजून नागरिकत्व नाही. आम्हाला काही अधिकार आहे का? – एक वाचक

उत्तर : पूर्ण आहे. तिथला लायसन्सिंग ॲक्ट २००३ शेजाऱ्याला आपल्याकडच्या कायद्यापेक्षा मोठा हक्क देतो. पबचं लायसन्स तपासून पाहा, म्हणजे ‘रिव्ह्यू’ करा, असा अर्ज कोणीही कौन्सिलकडे करू शकतं. घरमालक असण्याची किंवा नागरिक असण्याची अट नाही, आणि फीसुद्धा नाही. तक्रार चारांपैकी एका उद्दिष्टाशी जोडलेली हवी : गुन्हे व बेशिस्त रोखणं, सार्वजनिक सुरक्षा, सार्वजनिक उपद्रव टाळणं, मुलांचं संरक्षण. तुमच्या प्रकरणात पहिलं आणि तिसरं.

अर्ज दाखल झाला की पबवर नोटीस लागते, २८ दिवस इतर शेजाऱ्यांना आणि पोलिसांना म्हणणं मांडता येतं, मग नगरसेवकांच्या समितीपुढे सुनावणी होते. समिती अटी घालू शकते, व्यवस्थापक बदलायला लावू शकते, तीन महिन्यांपर्यंत लायसन्स निलंबित करू शकते किंवा रद्द करू शकते. मात्र तुमचं नाव पबला कळतं, हे धरून चाला.

अर्जाआधी कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे तक्रार करा. ते नोंदवही देतात, ती काही आठवडे इमानदारीने भरा. पुराव्याचं महत्त्व तिथेही तेवढंच. विरलच्या एका पबच्या वेळा पुराव्याशिवाय, केवळ भीतीपोटी कमी केल्या गेल्या होत्या, आणि २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. ५०० पर्यंत श्रोत्यांसमोरच्या थेट गाण्याला रात्री ११ पर्यंत लायसन्सच्या अटी सहसा लागू होत नाहीत. पण रिव्ह्यूमध्ये समिती ही सूट काढून घेऊ शकते, म्हणून ते स्पष्ट शब्दांत मागा. जोडीला ‘बाग रात्री १० ला बंद’, ‘शनिवार-रविवारी दारावर सुरक्षारक्षक’ अशा ठोस अटी सुचवा. निकाल मान्य नसेल तर तुम्ही किंवा पबमालक २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट न्यायालयात अपील करू शकता. पबने अपील केलं, तर ते निकाली निघेपर्यंत समितीचा निर्णय सहसा लागू होत नाही, तेव्हा त्या काळातही नोंदवही लिहिणं थांबवू नका.