नख सुटलं म्हणजे बुरशीच का?

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या मुलीच्या हाताची चार नखं मुळापासून सुटून वर उचलली गेली आहेत. दुखत नाही, खाजतही नाही. शेजारच्या काकू ‘बुरशी’ म्हणाल्या, मेडिकलमधून मलमही आणलं. लावू का?

उत्तर : नका लावू. आधी महिना-दोन महिने मागचं आठवा. तिला ताप, तोंडात फोड, तळहात-तळपायांवर पुरळ असं काही आलं होतं का? पाळणाघरात ‘हँड, फूट अँड माउथ’ची साथ होती का? 2022 मध्ये केरळात ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून गाजलं ते हेच दुखणं. त्यानंतर, विशेषतः कॉक्सॅकी ए6 या विषाणूनंतर, नखं गळतात. आजारपणात कातडीखाली नख तयार होण्याचं काम काही दिवस थांबतं. ते पुन्हा सुरू झालं की नवं नख जुन्याला पुढे ढकलतं.

उजेडात नीट बघा. मुळाशी आडवी खाच आणि तिच्यामागे नवं पातळ नख दिसेल. बुरशी बहुधा टोकाकडून नाहीतर कडेने शिरते, नख पिवळट, जाड, भुसभुशीत करते आणि एकदम चार बोटं क्वचितच धरते. लहान मुलांत ती मुळातच कमी, कारण त्यांची नखं पातळ असतात आणि भराभर वाढतात.

तरी उघडी पडलेली जागा नाजूक असते. अंगठा चोखणाऱ्या मुलांत तिथे कँडिडा नावाची बुरशी वाढू शकते. घरात कुणाला चिखल्या किंवा नायटा असेल तर त्यांचे उपचार आधी करा, टॉवेल वेगळा ठेवा. नवं नखही जाड, पिवळं येऊ लागलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडून नखाचा चुरा तपासून घ्या. बुरशीच्या गोळ्या मुलाच्या वजनाप्रमाणे आणि कित्येक आठवडे द्याव्या लागतात, त्या अंदाजाने देऊच नयेत. मेडिकलमधल्या अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने बुरशीची लक्षणं दबतात, बुरशी बरी होत नाही. याची मला फार चिंता वाटते.

सुटलेलं नख ओढू नका. कपड्यात अडकणारा भाग तेवढा कापा, बोटं कोरडी ठेवा. हाताची नखं तीन ते सहा महिन्यांत पुरी येतात, पायाची आणखी उशिरा. बोट लाल होऊन ठणकलं किंवा पू आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.