पऱ्हाटीच्या ढलप्या : गॅसिफायर चुलीचं सरपण

ताईंनो, कापूस निघाला की पऱ्हाटी बांधावर रचायची आपली सवय. पण त्या ढिगातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते. म्हणून उरलेली बोंडं वेचून जाळा आणि पऱ्हाटीच्या लगेच ढलप्या करा.

गॅसिफायर चूल आधी लाकडातून वायू काढते, मग तो वायू जाळते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची ‘संपदा’ चूल अशीच चालते. तिला सारखं आणि कोरडं सरपण लागतं.

१. कोयत्याने २ ते ३ सेंटिमीटरचे तुकडे करा.
२. माती, भुसा चाळून काढा. भुशाने हवा अडते.
३. ताडपत्रीवर पातळ पसरा, रोज हलवा. एका टोपलीचं रोज वजन करा. वजन घटायचं थांबलं की वाळलं समजा. ओल्या ढलप्या नुसत्या धुपतात.
४. चुलीत दाबून भरू नका. वरून पेटवा.

धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला वासही नसतो. दार-खिडकी उघडी ठेवा. उरलेले निखारे बाहेर नेऊनच विझवा.

येत्या बैठकीला प्रत्येकीने टोपलीभर ढलप्या आणा; गटाच्या काट्यावर वजन करून बघू.