नर्मदा परिक्रमा : मुक्काम आणि सदावर्त

नर्मदामैयाला उजव्या हाताला ठेवून, सागरसंगमावाचून कोठेही तिचे पात्र न ओलांडता दोन्ही तीर चालणे म्हणजे परिक्रमा. नदीची लांबी १३१२ कि.मी. असून धरणांच्या जलाशयांमुळे काही ठिकाणी मोठा वळसा पडतो. चातुर्मासात एकाच स्थानी राहावे.

सूर्यास्तापूर्वी गाव गाठून आश्रमात, मंदिरात वा धर्मशाळेत आसन लावण्याची अनुज्ञा मागावी. कोठे तयार भोजन मिळते, कोठे सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा. तो स्वतः शिजवावा. शिधा एका वेळेपुरताच घ्यावा. तीरावरील अनेक कुटुंबे स्वतःच्या अल्प साठ्यातून तो देतात. आपण अधिक घेतलेली मूठ मागून येणाऱ्या परिक्रमावासीच्या वाट्याची असते. दानशूर भाविकांनीही अशा सदावर्तांस धान्यरूपाने हातभार लावावा.

नर्मदे हर!