कार्पेट आधी उचल, मग धू

बाय, परवा तू मला भिलाड स्टेशनवरून नरोलीला आणलंस तेव्हा दार उघडल्याबरोबर मला कुबट वास आला. आरशाला तू सुगंधी कागद टांगलायस, तो त्या वासाला पुरा पडत नाही. तुझ्या बाबांची ही मारुती ८०० अजून डीएन-०९ च्या जुन्या पाटीवर धावतेय, याचा मला फार आनंद आहे. या मॉडेलची शेवटची गाडी २०१४ च्या जानेवारीत कारखान्यातून निघाली. त्यामुळे आता रस्त्यावर दिसते ती प्रत्येक ८०० म्हातारीच, आणि म्हाताऱ्या गाडीचं कार्पेट साफ करण्याची रीत वेगळी असते. ती तुला सांगतो.

तू म्हणालीस, "मामा, वरून हात लावला तर कोरडं लागतं." लागणारच. मी सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, त्यामुळे हे एवढं मला पक्कं ठाऊक आहे. शंभर किलो सुकं पॉलिएस्टर हवेतलं पाणी घेतं जेमतेम चारशे ग्रॅम. तेवढाच ताग पावणेचौदा किलो पिऊन बसतो. तुझ्या पायाखाली वर आहे तो कृत्रिम धागा. त्याच्या खाली जाड फेल्ट असतं, चिंध्या, सुती कचरा आणि ताग दाबून केलेलं. पाणी वरच्या धाग्यातून सरळ खाली उतरतं आणि फेल्ट ते धरून ठेवतं. वरचं दोन दिवसांत सुकतं, खालचं दोन महिने ओलं राहतं. फेल्टच्या खाली लगेच पत्रा आहे.

माझी एक जुनी गाडी अशीच गेली. एका वॉशिंग सेंटरवाल्याने आतून पाण्याचा जोरदार फवारा मारला, वर पंखा लावला आणि चकाचक करून दिली. मीही खूश झालो. पुढच्या उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखाली टाच टेकवली तर जमीन दबली. कार्पेट उचललं तेव्हा पत्रा पापडासारखा हातात आला, आणि भोकातून खालचा रस्ता दिसला. म्हणून सांगतो, कार्पेट जागेवर ठेवून धुवायचं नाही. उचलायचं.

उचलायच्या आधी पाणी येतं कुठून ते शोध, नाहीतर सगळी मेहनत वाया. फक्त पावसात ओल येत असेल तर वायपरच्या खालची जाळी बघ. आंब्याची नि सागाची पानं तिथे कुजून पाण्याची वाट बंद करतात, मग ते आत शिरतं. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की दारात पाणी साठतं, वळणावर आत डुचमळल्याचा आवाज येतो. खराट्याची काडी घालून मोकळी कर. समोरच्या काचेचं रबरी बीडिंग कडक होऊन चिरलं असेल तर तेही कारण. ओल एप्रिलमध्ये, एसी लावल्यावर, डाव्या बाजूला पुढे येत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. आणि ओल चिकट असेल, वास गोडसर असेल तर ते पाणी नव्हे, हीटरमधून गळणारं कूलंट आहे. तेव्हा ब्रश खाली ठेव आणि आधी मेकॅनिककडे जा.

तरीही सापडत नसेल तर चारही पायांच्या जागी फेल्टखाली वर्तमानपत्राची घडी सरकव. तू टॉर्च घेऊन आत बस आणि भावाला बाहेरून नळी धरायला लाव. पाणी आधी खालच्या भागावर, मग दारांवर, मग काचेवर, सगळ्यात शेवटी टपावर. एकदम वरून सोडलंस तर ते सगळीकडूनच येईल आणि काही कळणार नाही. कुठला कागद आधी भिजतो ते बघ.

हे काम जुलैत काढू नकोस. नरोलीला जुलैचा पाऊस काय असतो ते या गावाच्या इतिहासातच आहे. २८ जुलै १९५४ ला स्वातंत्र्यसैनिकांनी इथल्या पोर्तुगीज पोलिसांना शरण आणलं, आणि मुसळधार पावसामुळे त्यांना कुमक पोचू शकली नाही. आपल्या आजोबांच्या पिढीतली माणसं तो पाऊस विसरली नाहीत. त्या हवेत फेल्ट सुकत नाही, त्याला बुरशी धरते. दसरा उलटला, अथाळच्या बाजूला भाताची कापणी दिसायला लागली, की मग हातात पाना घे.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढ, कारण फेल्टखालून वायरी जातात. बोल्टांवर आदल्या रात्री तेलाचे दोन थेंब सोड. १२ नि १४ चे पाने जवळ असू देत. पुढच्या सीट काढ, उंबरठ्यावरच्या पट्ट्यांचे स्क्रू काढ, सीटबेल्टचा बोल्ट काढ. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या वाटीत ठेव, आणि वाटीखाली चिठ्ठी. कार्पेट ओढायचं नाही. कडा सुटल्या की गुंडाळत आण. घडी घातलीस तर मोड पडते आणि ती परत बसत नाही.

माती सुकू दे. ओल्या मातीला ब्रश लावणं म्हणजे ती आत कोंबणं. सुकल्यावर उलटं टाकून वेताच्या छडीने पाठीवर झोडप. निम्मी घाण तिथेच पडते. मग रिठे. सात-आठ रिठे फोडून रात्रभर भिजत घाल, सकाळी कुस्करून गाळ, आणि पाणी घुसळून वर येणारा नुसता फेस घे. फेस ब्रशवर, ब्रश धाग्यावर, लगेच सुक्या फडक्याने टिपून घे. कपड्यांची पावडर नको. ती पुरती निघत नाही, आणि उरलेल्या पावडरीला धूळ चिकटते. कार्पेट फिकट रंगाचं असेल तर कोपऱ्यात आधी करून बघ, रिठा पिवळट छटा सोडतो.

डागांचं थोडक्यात. दूध सांडलं तर थंड पाणीच, गरम पाण्याने ते धाग्यात शिजून बसतं. ताडी सांडली असेल, आणि आपल्याकडे ती कधीतरी सांडतेच, तर थंड पाण्याने टिपून वर खाण्याचा सोडा पसर आणि रात्रभर ठेव. उंबरगावहून मासळी आणताना पिशवी गळली तरी सोडाच. ग्रीसवर टाल्कम पावडर चोळून दुसऱ्या दिवशी झटक. संडास धुवायचं ॲसिड मात्र गाडीच्या आसपासही आणू नकोस. त्याच्या नुसत्या वाफेनेही पत्रा गंजतो.

आता पत्र्याकडे बघ, खरं काम इथे आहे. बोटाने नको, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण वाजलं तर पत्रा शाबूत, बद्द वाजलं तर आतून खाल्लेला. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने चमक दिसेपर्यंत घास, कोरडा पूस, रेड ऑक्साइडचे दोन हात दे, मधे एक दिवस जाऊ दे. भोक असेल तर कोणी लांबी भरून देतो म्हणेल, ऐकू नकोस. लांबी ओल धरते आणि खाली गंज चालूच राहतो. कापून नवा तुकडा वेल्ड करायला सांग, समोर उभी राहून. जमिनीतले रबरी बूच चिरले असतील तर नवे घाल. ते फार स्वस्त मिळतात.

फेल्ट अंगणात कडक उन्हात सुकव, दोन्ही बाजूंनी, तीन-चार दिवस. त्याचा तुकडा पडत असेल तर नवं घे. कार्पेट मात्र सावलीत, दोरीवर न टांगता खाटेवर पसरून. सुकलं की नाही याला हाताचा भरवसा धरू नकोस. काचेचा ग्लास फेल्टवर पालथा घालून उन्हात अर्धा तास ठेव. आत वाफेचे थेंब दिसले तर अजून सुकायचं आहे. मी आजही हेच करतो, तुझी मामी ग्लास शोधत फिरते.

परत बसवताना फेल्टखाली पुन्हा कागदाची घडी ठेव आणि उंबरठ्यावरच्या पट्ट्यांचे स्क्रू आठवडाभर अर्धेच आवळ. त्या आठवड्यात एकदा नळीने काच नि दारं भिजव, कोपरा उचल, कागद बघ. कोरडा असेल तर स्क्रू पूर्ण आवळ आणि मला फोन कर. पाने माझ्याकडून घेऊन जा, बाराचा थोडा घासलाय, चौदाचा चांगला आहे.